बुधवारची घंटा

सिलॉथच्या किनाऱ्यावरचं हे हॉटेल
बंद आहे, त्याला तिसरं वर्ष.
मालक लीड्सला. किल्ल्या माझ्याकडे, एकोणचाळीस;
त्यातल्या चार कुठल्या कुलपाच्या
ते मलाही ठाऊक नाही.

मंगळवारी बावीस खोल्यांतले नळ सोडायचे,
दोन मिनिटं गरम, दोन मिनिटं गार.
साचल्या पाण्यात रोग धरतो, असं फायलीत लिहिलंय.
मी बेसिनपाशी घड्याळ बघत उभा राहतो
आणि आरशांतून माझं तोंड बावीस वेळा येतं.
अकरा नंबरात जरा बरं दिसतं.

बुधवारी, सकाळी अकराला, आगीची घंटा.
बटण दाबायचं, दहा सेकंद.
वहीत लिहायचं: वाजली. सही, मु. ओगले.
एवढा कल्ला, आणि एकही दार उघडत नाही.
आधी वाईट वाटायचं.
हल्ली सुटल्यासारखं वाटतं.

दुकान चारशे पावलांवर.
पहिल्या हिवाळ्यात जायचो मी.
काउंटरवरची मुलगी विचारायची, ‘यू ऑलराइट?’
आणि मी दूध घेऊन परतताना वाटभर विचार करायचो,
काय दिसलं हिला माझ्या चेहऱ्यात?
आपल्या ‘काय, कसं काय’सारखंच ते,
उत्तर नकोच असतं त्याला;
हे कळेपर्यंत दीड वर्ष गेलं,
आणि उंबऱ्याशी पाय अडायची सवय लागून गेली.

आता सामान गाडीतून येतं.
कॅलम नावाचा पोरगा पोर्चमध्ये क्रेट ठेवतो, शीळ घालतो, जातो.
मी जिन्याच्या सातव्या पायरीवर,
त्याच्या इंजिनाचा आवाज पार विरेपर्यंत.
मग दार किलकिलं करून
तव्यावरची पोळी उचलावी तसा
दूध आत ओढतो, पाव आत ओढतो.

‘वाघ आहेत का रे तिकडे?’ नंदा फोनवर विचारते.
नाहीत.
सीगल आहेत. बाकावर दोन म्हातारी माणसं,
कापलेली हिरवळ, पाण्यापलीकडे स्कॉटलंडचे डोंगर.
कोणी शिवी दिली नाही मला, कोणी ढकललं नाही.
दाखवायला एखादी जखम असती
तर बरं झालं असतं.
‘थंडी आहे गं,’ म्हणतो.
थंडी या शब्दाखाली पुष्कळ काही मावतं.

मार्चमध्ये ताप आला.
मंगळवारचे नळ राहिले, बुधवारची घंटा राहिली.
गुरुवारी दार वाजलं.
मी सातव्या पायरीवर, घोंगडीत, श्वास धरून.
टपालाच्या फटीची पत्र्याची झडप वर झाली.
आधी कुत्र्याचं ओलं नाक, ते बाजूला झालं,
मग एका म्हातारीचा आवाज:
‘काल तुमची घंटा वाजली नाही.
आम्ही त्यावरच किटली चढवतो.
विल्फ्रेड म्हणाला, जरा बघून ये.’

माझ्या दहा सेकंदांवर
कुणाचं तरी पाणी उकळत होतं, आणि मला पत्ता नाही.

घसा नुसता गंजलेला.
‘ताप,’ एवढंच म्हणालो, तेही मराठीत.
‘बरं बरं, राजा,’ असं काहीतरी ती तिच्या भाषेत म्हणाली,
जशी काही पूर्वीपासून ऐकत आलीय.
झडप पडली. पुन्हा उघडली.
गोळ्यांचं एक पाकीट आत पडलं, दोन गोळ्या आधीच काढलेलं.

दार मी उघडलं नाही.
हे इथे लिहून ठेवतो,
कारण नंदाला सांगितलंय, उघडलं म्हणून.

परवाच्या बुधवारी बटण दाबलं.
दहा झाले. बोट उचललं नाही.
अकरा. बारा.
वहीत लिहिलं: दहा.
मग वळणावरच्या खिडकीशी गेलो, पडदा बोटभर सारला.
समोर छपरंच छपरं, कुठलं त्यांचं ते कळेना.

अकरा नंबरचा नळ ठिबकतोय कालपासून.
वॉशर लागेल. गाडीवाल्यांच्या यादीत वॉशर नसतो.
चारशे पावलं.
उद्या वारा आहे म्हणतात.